पखवाजासाठी निम्मे पैसे आधी द्यावेत का?

कणकवलीजवळच्या आमच्या भजन मंडळाने फणसाच्या खोडाचा पखवाज करायला टाकायचं ठरवलंय, कारागीर म्हणतो निम्मे आधी द्या, गणपतीआधी देतो. द्यावेत का?

— द्या हो, लाकूड-चामडं त्यालाही रोखीनेच घ्यावं लागतं. पण लाकूड, स्वर, तारीख कागदावर घ्या. आम्ही नुसत्या शब्दावर दिले आणि पखवाज आला दसऱ्याला, तोवर सगळ्या आरत्या ढोलकीवर उरकल्या 😄

— खोड सुकलंय का ते आधी जाऊन बघा, ओलं असलं की नंतर तडकतं.

— बुवा, बाकीचे पैसे वाजवून बघितल्याशिवाय देऊ नका. धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावून बघा, गठ्ठे (चामडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून स्वर लावा आणि तासभर भजन म्हणा, आपल्याकडे पावसात पुडी (तोंडावरचं चामडं) सैल पडते, स्वर उतरला तर तिथेच कळेल.

— बरं, रविवारी पखवाजीलाच सोबत नेतो.