शिकवणीच्या हजेरीपटावर कावीळ दिसते आहे. ही नोंद नेमकी कुणाला द्यायची?

शिकवणीवाली_ताई · २ ऑगस्ट

मी पूर्व नागपुरात राहते. गल्लीचं नाव लिहीत नाही, लहान गल्ली आहे, मुलं लगेच ओळखू येतील. घराच्या समोरच्या खोलीत पाचवी ते आठवीची शिकवणी घेते. दोन पाळ्या मिळून २२ मुलं.

मूल आलं नाही तर हजेरीपटात नुसती फुली मारायची नाही, शेजारी कारण लिहायचं, अशी माझी पहिल्यापासूनची सवय. "मामाकडे रामटेकला", "ताप", "घरी पूजा" असं काहीही. काल रात्री जुलैची फी मांडताना पट चाळला आणि हात थांबला. २४ ते २९ जून या सहा दिवसांत ५ मुलांसमोर "जुलाब-उलटी" लिहिलं आहे. नंतर तीन आठवडे काहीच नाही. मग २० जुलैपासून परवा, ३१ तारखेपर्यंत ४ मुलांसमोर "कावीळ". त्यातलं एक नाव माझ्या मुलीचं आहे.

तिची लघवी हळदीच्या पाण्यासारखी दिसायला लागली, तेव्हा मला वाटलं पाणी कमी पिते. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. आमचे डॉक्टर चांगले आहेत, रक्त तपासलं, पथ्य सांगितलं, आता तिला भूकही लागते आहे. पण डॉक्टरांसमोर माझी एकटी मुलगी होती. बाकीची तीन मुलं तीन वेगवेगळ्या दवाखान्यांत गेली. चारही नावं एका कागदावर फक्त माझ्याकडे आहेत, आणि मला रात्रभर झोप आली नाही ती याच्यामुळे.

आज सकाळी पट घेऊन एका कार्यालयात गेले. तिथे सांगितलं, पाण्याची तक्रार असेल तर दुसरीकडे, आजाराचं असेल तर तिसरीकडे. तिसरीकडे विचारलं, "रिपोर्ट आहेत का सगळ्यांचे?" दुसऱ्यांच्या लेकरांचे रिपोर्ट मी कुठून आणणार?

आमच्याकडे नळ सकाळी साधारण दीड तास येतो. पाणी दिसायला स्वच्छ आहे, फक्त पहिली बाल्टी थोडी गढूळ असते. बऱ्याच घरी तुरटी फिरवतात.

मला हे समजून घ्यायचं आहे की खाजगी दवाखान्यात गेलेली अशी मुलं सरकारी मोजणीत येतात तरी का. आणि माझ्यासारख्या साध्या बाईने हा पट कुणापुढे ठेवला तर कुणी तरी येऊन नळ तपासेल?

नळवाला_हिंगणारोड · २ ऑगस्ट

ताई, मी १८ वर्षांपासून नळजोडणीचं काम करतो. पहिली बाल्टी गढूळ हीच मोठी खूण आहे.

नळ चालू असतो तोवर पाईपमध्ये दाब असतो, फुटलेल्या जागेतून पाणी बाहेर जातं. नळ गेला की दाब संपतो आणि पाईप रिकामा होताना बाहेरचं आत ओढतो. बाहेर काय आहे? बहुतेक जुन्या गल्ल्यांत घराची जोडणी नालीच्या आतून किंवा गडरलाईनच्या अगदी वरून गेलेली असते. लोखंडी पाईप नालीत सडतो, वरून दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी नळ आला की रात्रभर साचलेलं ते पाणी सगळ्यात आधी येतं. त्यात कुणी टिल्लू पंप लावला की आणखी वाईट. तो पंप फक्त पाणी ओढत नाही, शेजारच्या फटीतून नालीही ओढतो. मी लोकांना हे सांगतो, लोक पंप काढत नाहीत. त्यांचाही नाइलाज असतो, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही.

एक सांगा, जूनमध्ये तुमच्याकडे रस्ता खोदला होता का?

शिकवणीवाली_ताई · २ ऑगस्ट

हो दादा! सिमेंट रोडसाठी खोदला होता. आमच्या घरासमोरचा पाईप १९ जूनला जेसीबीने तुटला, दोन दिवस नळ नव्हता, २१ ला जोडून दिला. तारीख नक्की आहे, कारण त्या दोन दिवसांत पाणी नाही म्हणून मी शिकवणी बंद ठेवली होती. पटावर "सुट्टी" आहे.

निवृत्त_आरोग्यसेवक · ३ ऑगस्ट

ताई, मी नागपूर जिल्ह्यात ३१ वर्षं आरोग्यसेवक होतो, बराच काळ कुही आणि भिवापूर तालुक्यात. तुमचा पट मी दोनदा वाचला. तुम्ही ज्या तारखा दिल्या, त्याच तारखा आम्ही घरोघर फिरून गोळा करायचो.

आता २१ जून ही तारीख धरा. जुलाब-उलटी घाण पाण्यानंतर काही तासांत ते चार-पाच दिवसांत होते. तुमची ५ मुलं २४ ते २९ मध्ये पडली. कावीळ मात्र उशिरा उगवते. 'अ' प्रकारच्या काविळीला १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी २८. 'ई' प्रकारच्या काविळीला दोन ते दहा आठवडे. २१ जूनमध्ये २८ दिवस मिळवा, १९ जुलै येते. तुमचं पहिलं मूल २० जुलैचं. लोक कावीळ झाली की परवा काय खाल्लं ते आठवतात, कालची पाणीपुरी आठवतात. विचारायचं असतं महिन्यापूर्वीचं. रक्ताच्या तपासणीशिवाय कुठली कावीळ ते मी सांगणार नाही, पण जोडलेल्या पाईपकडे बोट दाखवायला एवढं पुरे आहे.

मोजणीचं विचारलंत. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेग आला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. त्या धक्क्यानंतर देशात साथरोगांवर नजर ठेवायचं काम नव्याने बांधायला घेतलं आणि २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तीन फॉर्म होते. एस फॉर्म आमचा, म्हणजे घरभेटीत दिसलेली लक्षणं. पी फॉर्म डॉक्टरांचा, एल फॉर्म प्रयोगशाळेचा. २०२१ पासून हे सगळं ऑनलाईन झालं. व्यवस्था चांगली आहे, मी तिच्यात काम केलं आहे आणि तिच्यावर माझा विश्वास आहे. पण खाजगी दवाखान्यातून माहिती आली तरच तो रुग्ण मोजला जातो. तुमच्या चार मुलांपैकी एकही कदाचित त्यात नसेल. म्हणून तुमचा पट लागतो.

रिपोर्ट मागितले म्हणून मागे फिरू नका. संशयित रुग्ण कळवायला रिपोर्ट लागत नाही. तुम्ही फक्त एवढं लिहा: एका गल्लीत, इतक्या दिवसांत, इतकी मुलं, ही लक्षणं, पाईप या तारखेला तुटला. वर "उद्रेकाची शक्यता" असं ठळक लिहा. एक प्रत तुमच्या भागातल्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, एक झोन कार्यालयात पाण्यासाठी. दोन्हींवर पोच घ्या. त्याआधी आशाताईंना गाठा. अर्ज टेबलावर पडून राहतो, आशाताई त्याच दिवशी घरी येतात.

अर्जाला नकाशा जोडा. गल्ली काढा, घरं काढा, आजारी मूल असलेल्या घरावर खूण करा. ज्या घरी कुणीच आजारी पडलं नाही, तिथे जाऊन ते पाणी कुठून घेतात ते विचारा. निरोगी घर जास्त बोलतं, हा माझा अनुभव आहे.

कर्मचारी आले की ओटी टेस्ट करायला सांगा. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकतात, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. शेवटच्या टोकाच्या नळाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. गल्लीच्या तोंडाला तपासून जाऊ देऊ नका. वर क्लोरीन आणि खाली नाही, तर मधे कुठे तरी घाण शिरते आणि ती क्लोरीन खाऊन टाकते. आणखी एक बाटली असते, एच-टू-एसची. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संशोधकांनी ती पद्धत काढली. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं झालं तर त्यात विष्ठेची घाण असण्याची दाट शक्यता. गावात सरपंचाला प्रयोगशाळेचा कागद दाखवला तर तो बाजूला ठेवायचा, काळी बाटली टेबलावर ठेवली की टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पिशवी त्याच दिवशी यायची.

आणि "क्लोरीन वाढवून देतो" एवढ्यावर समाधान मानू नका. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचं पात्र सरकलं आणि नाल्याचं पाणी वझिराबादला शहराचं पाणी उचलतात तिथपर्यंत आलं. क्लोरीन वाढवलं, टायफॉइड आटोक्यात राहिला, पण २९ हजारांहून जास्त लोकांना कावीळ झाली. नंतर कळलं की ती 'ई' प्रकारची होती. आपल्या राज्यात २०१२ मध्ये इचलकरंजीनेही तीच कावीळ भोगली. जोड दुरुस्त झालाच पाहिजे.

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तोवर पाणी उकळा, खळखळून एक मिनिट.

सिस्टर_मेडिकल_चौक · ३ ऑगस्ट

काकांनी 'ई' चं सांगितलं म्हणून हात जोडून एक विनंती. गल्लीत कुणी गरोदर बाई असेल तर आधी तिच्या घरी जा. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर पाच-सहा बायांमागे एक दगावू शकते. मी वॉर्डात पाहिलं आहे, त्यावर जास्त लिहवत नाही. तिला उकळलेलंच पाणी, आणि डोळे पिवळे दिसले तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात.

आपल्याकडे कावीळ झाली की माळ घालायला नेतात. 'अ' ची कावीळ बहुतेक मुलांची आपोआप उतरते, म्हणून माळेचा गुण आला असं वाटतं. माळ घालायची तर घाला, भांडू नका, पण पाला वाटून काही पाजू नका. लिव्हर आधीच थकलेलं असतं. मूल गुंगीत गेलं, बरळायला लागलं किंवा उलट्या थांबत नसतील तर वाट पाहू नका.

डोळे पिवळे व्हायच्या दोन आठवडे आधीपासूनच मुलाच्या शौचातून जंतू जात असतात. म्हणून बाथरूमपाशी साबण हवाच, शिकवणीतही ठेवा, आणि मुलांनी एकाच गुंडात पेला बुडवून पाणी घ्यायला नको. जुलाबाला ओआरएस, एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं अर्धं करून नाही. सोबत १४ दिवस झिंक. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हे मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं, आणि जिथे शंभरात तीस जात होते तिथे चारच्या आत आले. तेव्हा नातेवाइकांना जमलं ते आज घरच्या घरी नक्की जमतं.

शिकवणीवाली_ताई · १९ ऑगस्ट

उशीर झाला, पण धावपळच तशी होती.

नकाशा मुलांच्या आलेखवहीच्या कागदावर काढला आणि खुणेला टिकल्या लावल्या. जुलाबाला लाल, काविळीला पिवळी. शिकवणीबाहेरची घरंही विचारली, तेव्हा मोठी माणसं धरून ११ लाल आणि ७ पिवळ्या झाल्या. एक सोडून सगळ्या पिंपळाच्या पाराच्या खालच्या बाजूला. त्या खालच्या बाजूची दोन घरं मात्र कोरी. एकाकडे बोअरवेलचं पाणी. दुसऱ्या घरच्या आजी गेली कित्येक वर्षं पाणी उकळूनच देतात, नातू त्यांना हसायचे. पाराच्या वरची ती एकटी पिवळी टिकली मला कळेना. मग त्या मुलीची आई म्हणाली, ती रोज संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येते. म्हणजे पाणी माझ्या गुंडातलं प्यायली. हे लिहिताना अजून घशात येतं. त्या दिवसापासून गुंडात उकळलेलं पाणी आणि प्रत्येकाची आपली बाटली.

आशाताई ४ तारखेलाच आल्या, नकाशाचा फोटो त्यांनीच वर पाठवला. ६ तारखेला सकाळी नळाच्या वेळी कर्मचारी आले. गल्लीच्या तोंडाला ओटीचा रंग पिवळा, शेवटच्या घरी पाण्यासारखा पांढरा. त्यांनी तीन वेळा केलं. बाटलीही ठेवली, ती दुसऱ्या दिवशी काळी. ८ तारखेला खोदलं. नळवाले दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. २१ जूनचा जोड रबराची ट्यूब गुंडाळून केलेला, आणि तो नालीच्या पाण्यात बुडालेला. आता नवा पाईप नालीच्या वरून नेला आहे. १० तारखेला शेवटच्या घरीही रंग आला. दोन मुलांच्या रक्तात 'अ' ची कावीळ निघाली.

टिल्लू पंप चार घरांचे होते, दोघांनी काढले. इतर दोघांशी बोलणं सुरू आहे.

आज पटावर पुन्हा एक "कावीळ" लिहावी लागली. पाराच्या खालचा सातवीतला मुलगा. काका, पाणी तर दुरुस्त झालं. त्या घरी अजून पाच माणसं आहेत, मी काय विचारू?

निवृत्त_आरोग्यसेवक · १९ ऑगस्ट

घाबरू नका. दुरुस्तीच्या आधी जे पाणी पोटात गेलं, त्याने 'अ' ची कावीळ सप्टेंबरच्या अखेरपर्यंत येऊ शकते, आणि घरातल्या घरात हातांवाटे लागली तर त्याहूनही पुढे. पट तोवर चालू ठेवा. शेवटच्या घरची ओटी दर आठवड्याला करून घ्या, पावसात जोड पुन्हा हलतात.

त्या घरी तारखा विचारा, पाणी कुठलं ते विचारा, साबण आहे का पाहा. पण दारातून आत गेल्यावर पहिला प्रश्न हा, की घरात कुणाला दिवस गेले आहेत का. दोघांच्या रक्तात 'अ' निघाली म्हणून हा प्रश्न सोडू नका.

शिकवणीवाली_ताई · १९ ऑगस्ट

त्याची काकू. सातवा महिना. आशाताईंना घेऊन आत्ताच निघते आहे.