डायलिसिसवरच्या बाबांना डिगॉक्सिन चालू आहे, दिवे पिवळे दिसतात. मदत हवी आहे

बाबा ७१ वर्षांचे. दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ठोके अनियमित पडतात म्हणून दीड महिन्यापूर्वी डिगॉक्सिन सुरू झालं, ०.२५ ची अर्धी गोळी रोज. बीपी आणि हृदयासाठीची कार्व्हेडिलॉल गोळी आधीपासून आहेच.

आठवडाभर जेवणावरची वासनाच उडाली आहे. ताट समोर आलं की मळमळतं. आम्ही म्हटलं, डायलिसिसचा थकवा असेल. पण परवा रात्री म्हणाले, "बल्ब बदललास का गं? पिवळा का दिसतोय?" बल्ब तोच, पांढरा. दिव्याभोवती कडंही दिसतं म्हणतात. काल बीपीच्या मशीनवर नाडी ४६ आली. मशीनवर विश्वास बसेना म्हणून मनगट धरून पूर्ण मिनिट मोजली, तर ४८. एरवी सत्तरच्या आसपास असते.

हृदयाचे डॉक्टर म्हणतात किडनीवाल्यांना विचारा, किडनीवाले म्हणतात हृदयवाल्यांना. डायलिसिसचे टेक्निशियन म्हणाले, रक्त धुतलं की औषधही निघून जाईल. खरं आहे का? अपॉइंटमेंट शुक्रवारची आहे. तोवर गोळी द्यावी का?

प्रतिसाद:
ताई, शुक्रवार विसरा. आत्ताच इमर्जन्सीत न्या, आणि तिथल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढची गोळी देऊ नका. मळमळ, पिवळं दिसणं, मंद नाडी हे तिन्ही एकत्र म्हणजे डिगॉक्सिन अंगात साठल्याची शंका घ्यायलाच हवी. माझ्या आईचं असंच झालं होतं, आम्ही चार दिवस पित्त समजत बसलो.

हे औषध मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडतं. किडनी धड असेल तर दीड-दोन दिवसांत निम्मं उरतं, बंद असेल तर चार-पाच दिवसही लागतात. टेक्निशियनचं म्हणणं बीपीच्या अॅटेनोलॉलसारख्या गोळीला लागू आहे, याला नाही. डिगॉक्सिन रक्तात थोडं आणि स्नायूंत जास्त मुरलेलं असतं, मशीन ते ओढून काढू शकत नाही. उलट डायलिसिसमध्ये पोटॅशियम झपकन उतरलं तर त्रास वाढतो. ईसीजी, पोटॅशियम आणि डिगॉक्सिनची पातळी तपासायला सांगा. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहून न्या, सहा तासांच्या आत काढलेल्या रक्तात आकडा फसवा येतो.

मध्यंतरी एखादं अँटिबायोटिक दिलंय का? क्लॅरिथ्रोमायसिनने पातळी चढते.

धागाकर्ती:
खोकल्यासाठी तिसऱ्याच डॉक्टरांनी पाच दिवस दिलं होतं. रिकामं पाकीट ड्रॉवरमध्ये सापडलं, क्लॅरिथ्रोमायसिनच आहे. सगळी पाकिटं पिशवीत भरली. निघतोय.