टीडीपी-४३ नक्की कशाचं नियंत्रण करतं? ट्रान्सक्रिप्शनचं की स्प्लायसिंगचं?

निखिल_एमएस्सी
नमस्कार मंडळी. बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात टीडीपी-४३ वर सेमिनार द्यायचाय. १९९५ च्या पेपरात हे प्रथिन एचआयव्हीच्या टार नावाच्या डीएनए पट्ट्याला चिकटून ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए उतरवणं) दाबतं असं दाखवलंय. २००१ च्या पेपरात तेच प्रथिन स्प्लायसिंगमध्ये, म्हणजे आरएनएची कापाजोड होताना, सीएफटीआर जनुकाचा नववा एक्झॉन (आरएनएत राखला जाणारा तुकडा) गाळायला लावतं. हे एकच प्रथिन दोन्हीकडे कसं काय? आणि टीडीपी-४३ कमी केलं की स्टॅथमिन-२ या चेतापेशींतल्या जनुकाचा एमआरएनए जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे तिथे ते ट्रान्सक्रिप्शन वाढवत असणार ना? स्लाइडवर तसंच लिहिलंय.

कडू_कारलं
‘बहुआयामी प्रथिन’ असं मोठ्या अक्षरात टाक आणि पुढची स्लाइड घे. कोणी काही विचारत नाही.

बेंचवरची_बाई
निखिल, कारल्याचं ऐकू नकोस आणि ती स्लाइड आजच काढ. आरएनए कमी झाला म्हणजे ट्रान्सक्रिप्शन कमी झालं, हा निष्कर्ष डोळे झाकून काढायचा नसतो. दुकानात माल दिसत नाही म्हणून कारखाना बंद पडला असं थोडंच आहे? ट्रक वाटेत उलटला असेल.

आधी तुझा पहिला प्रश्न. ४१४ अमिनो आम्लांचं हे प्रथिन. मधोमध आरएनए ओळखणारे दोन भाग आहेत आणि त्यांना आवडतात ते यूजी-यूजी-यूजी असे पट्टे. एकपदरी डीएनएतला टीजीचा पट्टाही त्यांना चालतो. म्हणून दोन्हीकडे चिकटतं, त्यात गूढ काही नाही. सीएफटीआरमध्ये नवव्या एक्झॉनच्या अगदी तोंडाशी टीजीची माळ आणि तिला लागून टींची रांग असते. टीजी जास्त आणि टी कमी असतील तर हा एक्झॉन जास्त गळतो, आणि त्याच्याविना बनलेलं प्रथिन निकामी असतं. टी पाचच असलेला प्रकार जन्मतः शुक्रवाहिन्या नसलेल्या पुरुषांमध्ये बऱ्याचदा सापडतो, तो उगाच नाही.

आता स्टॅथमिन-२. त्याच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये (एरवी कापून टाकला जाणारा भाग) एक खोटा एक्झॉन दडलेला आहे, त्याला २ए म्हणतात. टीडीपी-४३ जवळच्या जीयू पट्ट्यावर बसून तो झाकून ठेवतं. ते नसलं की स्प्लायसिंगची यंत्रणा २ए उचलते. त्यात स्टॉप कोडॉनही आहे आणि पॉली-ए जोडण्याची खूणही, त्यामुळे आरएनए तिथेच तुटतो. प्रमोटरला, म्हणजे जिथून ट्रान्सक्रिप्शन सुरू होतं त्या जागेला, काही झालेलं नसतं. हे २०१९ मध्ये दोन गटांनी दाखवलं.

आम्ही हे एसएच-एसवाय५वाय या माणसाच्या पेशींत पीसीआरने बघतो. एक प्राइमर (पीसीआरची सुरुवात करणारा छोटा तुकडा) पहिल्या एक्झॉनवर, दुसरा २ए वर. कंट्रोलच्या लेनमध्ये काही नाही, टीडीपी-४३ कमी करणारा सायआरएनए दिलेल्या लेनमध्ये लख्ख बँड. दुसरा प्राइमर तिसऱ्या एक्झॉनवर ठेवलास तर फक्त ‘कमी झाला’ एवढंच दिसेल आणि तू परत त्याच स्लाइडवर येशील. आणि हो, हे उंदराच्या पेशींत शोधत बसू नकोस, त्यांच्यात हा २ए नाही.

निखिल_एमएस्सी
बाप रे, धन्यवाद ताई! मग ट्रान्सक्रिप्शनचा भाग सोडूनच देऊ? आणि यूएनसी१३ए या दुसऱ्या जनुकाचंही असंच का?

बेंचवरची_बाई
सोडू नकोस, पण जपून लिही. उंदराच्या एसपी-१० या शुक्रपेशींच्या जनुकात टीडीपी-४३ प्रमोटरवरच बसून ते जनुक गप्प ठेवतं, हा पुरावा मला पटतो. एचआयव्हीचं मात्र २०१४ मध्ये माणसाच्या प्रतिकारपेशींत तपासलं तर टीडीपी-४३ कमी-जास्त करून विषाणूला काही फरक पडला नाही. हे बोलून दाखव, परीक्षक खूश होतील. शिवाय आरएनए उतरवणारं पॉलिमरेज धावत असतानाच मागून स्प्लायसिंग सुरू झालेलं असतं, त्यामुळे दोन खाती वेगळी काढणं ही आपली सोय आहे, पेशीची नाही.

यूएनसी१३ए चा मार्ग जरा निराळा. तिथे २० आणि २१ या एक्झॉनच्या मध्ये खोटा एक्झॉन घुसतो, स्टॉप कोडॉन अवेळी येतो आणि पेशीच तो आरएनए मोडून टाकते. म्हणून तो जास्त ठळक दिसावा यासाठी पेशींना आधी सायक्लोहेक्झिमाइड देतात, म्हणजे मोडतोड थांबते. एएलएस या चेतापेशी मरत जाणाऱ्या आजाराच्या जवळपास ९७ टक्के रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ केंद्रकातून निघून बाहेर गोळा झालेलं दिसतं. केंद्रकात पहारा उरला नाही की हे सगळे खोटे एक्झॉन डोकं वर काढतात.

कडू_कारलं
मग बाहेरून भरपूर टीडीपी-४३ घालावं की. प्रश्न मिटला.

बेंचवरची_बाई
कारल्या, प्रश्न चांगला आहे. पण ते जास्त झालं तरी पेशी मरतात. निरोगी पेशी स्वतःच लगाम ठेवते. टीडीपी-४३ वाढलं की ते आपल्याच एमआरएनएच्या ३ प्राइम टोकाला चिकटतं आणि स्वतःचं उत्पादन खाली आणतं. प्लाझ्मिडमध्ये (पेशीत जनुक पोचवणाऱ्या डीएनएच्या कड्यात) आपण घालतो त्या सीडीएनएला, म्हणजे एमआरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतीला, ते टोकच नसतं, त्यामुळे ती प्रत लगाम जुमानत नाही. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून दाखवणारी चाचणी) बघ: टॅग लावलेला बँड जाडजूड आणि त्याच्या खालचा पेशीचा स्वतःचा ४३ किलोडाल्टनचा बँड फिकट पडलेला. निखिल, ही आकृती मिळाली तर ‘बहुआयामी’च्या जागी टाक.