मदत हवी आहे – कार्डिॲक अरेस्टनंतर मेंदूचा ऑक्सिजन ५८, दादा शुद्धीवर येईल का?

गोदाकाठ: दादा आयसीयूत आहे. कपाळाला दोन स्टिकर लावलेत, मॉनिटरवर डावीकडे ५८ आणि उजवीकडे ६१ दिसतंय, रात्री तर ५२ झालं होतं. सिस्टर म्हणाल्या हा मेंदूचा ऑक्सिजन. बोटाला ९८ आहे मग मेंदूला एवढा कमी का?? कितीच्या वर गेला की शुद्ध येते? डॉक्टर फक्त वाट बघू म्हणतात. लवकर सांगा, वहिनी सारखी विचारतेय.

वाटसरू: अरेस्ट कधी झाला? छाती दाबून सीपीआर लगेच मिळाला का? झोपेची औषधं चालू आहेत का? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

निलांबरी: आमच्या सासऱ्यांचा आकडा ७५ च्या वर होता, आम्ही सगळे खूश, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत. आकड्याकडे बघत बसू नका.

आयसीयूवाली: बोटाचा आकडा धमनीतल्या रक्ताचा असतो. कपाळाच्या स्टिकरमधून प्रकाश आत जातो आणि धमनी, शीर दोन्हीकडच्या मिसळलेल्या रक्ताचा ऑक्सिजन मोजतो, त्यात शिरेतलंच जास्त. म्हणून साधारण ६० ते ८० असतो, ९८ कधीच येणार नाही. शिवाय मेंदूच्या फक्त पुढच्या भागाचा, तोही वरवरचा. बीपी किंवा हिमोग्लोबिन कमी झालं, व्हेंटिलेटरवर कार्बन डायऑक्साइड खाली गेला तरी आकडा पडतो. एकदम घसरला तर कारण शोधायला उपयोगी, पण अमुक आकडा म्हणजे शुद्ध येणार असं नसतं. निलांबरीताई, मेंदूच्या पेशी ऑक्सिजन वापरतच नसतील तरी आकडा चांगला दिसतो.

मनोहरकाका: जास्त दाबाने ऑक्सिजन देतात त्या हायपरबेरिक चेंबरमध्ये ठेवा त्यांना, माझ्या मित्राची पायाची जखम त्याने भरली. ऑक्सिजन जास्त दिला की मेंदू जागा होणारच.

वाटसरू: काका, पायाची जखम वेगळी. अरेस्टनंतर जास्तीचा ऑक्सिजनही टाळतात, बोटाचा ९४ ते ९८ ठेवतात. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला कुठे हलवायला सांगताय?

मनोहरकाका: अनुभव सांगितला, ऐकायचं तर ऐका.

सह्याद्री_एस: घरी बोटाचा ऑक्सिमीटर घेऊन ठेवा, नेलपॉलिश असेल तर चुकीचा दाखवतो. आणि कॅशलेसचं प्रीऑथ, म्हणजे विमा कंपनीची आधीची मंजुरी, झाली का? नंतर फार धावपळ होते.

गोदाकाठ: ऑक्सिमीटरचं नाही विचारलं हो. अरेस्ट काल पहाटे घरीच झाला, शेजारच्या मुलाने छाती दाबली, ॲम्ब्युलन्समध्ये शॉक दिला. झोपेचं औषध चालू आहे. वय ५१. आता तरी सांगा.

आयसीयूवाली: शॉक देण्यासारखा ठोका होता आणि सीपीआर लगेच मिळाला, या दोन्ही जमेच्या बाजू. पण मेंदूबद्दल पक्कं मत ७२ तासांच्या आत देत नाहीत, आणि झोपेच्या औषधाचा असर असेल तर अजून थांबतात. तेव्हाही एका गोष्टीवर नाही, बुबुळं प्रकाशाला आकसतात का, मेंदूच्या विद्युत लहरींचा ईईजी, हाताच्या नसेला करंट देऊन मेंदूपर्यंत सिग्नल पोचतो का ती एसएसईपी तपासणी, सीटी किंवा एमआरआय, मेंदूच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एनएसई, हे सगळं मिळून बघतात. डॉक्टर वाट बघू म्हणतात ते टाळायला नाही. औषध कधी कमी करणार आणि ताप येतोय का, एवढं आज विचारा.

गोदाकाठ: ताप सकाळी होता, थंड करायचं मशीन लावलंय. ईईजीचं कोणी बोललं नाही. आणि बुबुळांचं सिस्टर सांगतील का?

आयसीयूवाली: चार्टवर लिहिलेलं असतं, पण अर्थ डॉक्टरांकडूनच घ्या. वहिनींनाही सोबत न्या.