फुल मॅरेथॉनच्या (४२ किमी) तयारीत हाफ (२१ किमी) पळणं म्हणजे रविवार वाया? अजिबात नाही पटलं

पळपुटा
परवा कुणीतरी लिहिलं होतं, "फुलची तयारी चालू असताना मध्येच हाफ पळणारे मेडलला हपापलेले असतात. आधीचा आठवडा आराम, नंतरचा आठवडा दुखणी, लाँग रन (रविवारचं लांब पळणं) बुडाला तो बुडालाच. साधा हिशेब आहे." त्यावर भराभर अंगठेही पडले. दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून वेगळा धागा.

हिशेब साधा नाही. गेल्या खेपेला फुलच्या पाच आठवडे आधी मी हाफ पळलो. एरवी लाँग रनला मी जेल (ताकदीसाठी पाकिटातलं गोड, चिकट खाणं) कसं खातो? थांबून, दोन्ही हातांनी, निवांत. रेसमध्ये चौदाव्या किमीला पळता पळता पाकीट दातांनी फाडलं, अर्धं मनगटावरून ओघळलं, घड्याळाचं बटण चिकटलं आणि पुढे तीन किमी लॅपच (दर किमीच्या वेळेची नोंद) पडेना. बिबची (छातीवरच्या नंबराच्या कागदाची) खालची पिन पोटाला घासत होती ती वेगळीच. घरी आल्यावर शर्टावर दोन लाल ठिपके. हे सगळं फुलच्या दिवशी कळलं असतं तर?

आणि पेस, म्हणजे एका किमीला लागणारा वेळ. गर्दीच्या भरात पहिले पाच किमी ठरवल्यापेक्षा पंधरा-पंधरा सेकंद जलद गेलो. हाफमध्ये ते कर्ज शेवटच्या चार किमीत फिटतं. फुलमध्ये वसुली तिसाव्यानंतर सुरू होते आणि तेव्हा अजून बारा बाकी असतात. वेळ आली १:५२:३०. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याची काढायचं रीगलचं सूत्र लावलं (अंतर दुप्पट, घातांक १.०६, म्हणजे वेळ साधारण २.०८५ पट) तर फुल ३:५४. चार तासांचं लक्ष्य हवेत नाही, एवढं तरी समजलं.

गुडघा_नं_२
ते "कुणीतरी" म्हणजे मी. नाव घेतलं असतंत तरी राग आला नसता.

माझीही गोष्ट ऐका. फुलच्या तीन आठवडे आधी हाफ. "आरामात पळणार" असं घरी सांगून निघालो होतो. दहाव्या किमीला वेळ बरी दिसली आणि अक्कल गहाण पडली. अठराव्याला पोटरीवर मागून कुणी दगड मारावा तसं झालं. खरंच वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं. फुलच्या दिवशी मी रस्त्याकडेला उभा राहून पाण्याचे कप वाटले. ज्यांच्यासोबत चार महिने पहाटे उठलो, तेच माझ्या हातातून कप घेऊन पुढे गेले.

जेल फोडायला शिकायला रेस लागते का हो? घराभोवती दोन चकरा मारा, चार पाकिटं फाडा.

दमछाक
दोघेही टोकाला जाताय. हाफ रेस म्हणून पळूच नका. सुरुवातीआधी पाच किमी हळू, मग फुलच्या पेसने २१, नंतर दोन-तीन हळू. २८-२९चा लाँग रन झाला, पाणी दुसऱ्याने दिलं, सोमवारी जिनाही उतरता येतो.

गुडघा_नं_२
कागदावर छान. बिब लावून चौथ्या किमीला एखादे आजोबा शेजारून गप्पा मारत पुढे गेले की चार तासांसाठीचा ५:४१चा पेस किती जणांना धरवतो ते बघितलंय मी. आरशात.

सावकाश
पळपुटा, ती हाफ मीही पळलो. १:५२:३० विसरा, कोर्सच (रेसचा मार्ग) लांब होता. माझ्या घड्याळात २१.४२ भरले! म्हणजे तुमचा खरा पेस ५:१५. नोंदणीचे पैसे घेतात आणि साधं अंतर मोजता येत नाही. याआधीच्या दोन रेसमध्येही तेच.

मोजपट्टी
आलं! प्रत्येक रेसनंतर हे येतंच.

सावकाश, प्रमाणित कोर्स घड्याळाने मोजत नाहीत. पोलादी टेपने मोजलेल्या पट्ट्यावर आधी सायकल पडताळून घेतात, पुढच्या चाकाला फेरे मोजणारा जोन्स काउंटर असतो, आणि सर्वांत जवळची वाट धरून मोजतात: वळणावर कडेपासून ३० सेंमी. शिवाय कोर्स आखूड भरू नये म्हणून दर किमीला एक मीटर जास्त धरतात. हाफला २१ मीटर, फुलला ४२. तुमचे बाकीचे तीनशे मीटर कुठून आले? वळणं बाहेरून घेतलीत, लोकांना ओलांडायला नागमोडी गेलात, उरलेलं उपग्रहाने उंच इमारतींत उड्या मारून भरलं. मोठ्या मॅरेथॉनमध्ये रस्त्यावर त्या जवळच्या वाटेची निळी रेघ असते, ती काय शोभेला?

सावकाश
म्हणजे माझं महागडं घड्याळ खोटं आणि सायकलवाला खरा?

मोजपट्टी
हो.

सावकाश
कमाल आहे. माझ्या बाजूचे चौघं, चौघांच्या घड्याळात २१.३च्या वर. चौघंही मूर्ख?

मोजपट्टी
मूर्ख कुणी म्हटलं? चौघंही गर्दीत पळले. एकाच्या तरी घड्याळात २१.०० भरले का? चूक एकाच दिशेला जाते त्याला कारण असतं. कोर्स प्रमाणित नसेल तर तुमची तक्रार रास्त, पण आधी ते तपासा, मग शिव्या घाला.

पळपुटा
अहो, धागा हाफचा आहे! सायकल बाजूला लावा.

मोजपट्टी
तुमच्याच कामाचं सांगतोय. १:५२:३० भागिले २१.०९७५ म्हणजे ५:२०. घड्याळ सांगतं ५:१५. हा पाच सेकंदांचा फरक फुलमध्येही राहिला, तर साडेतीन मिनिटं गेली. ३:५८ येणार म्हणून हसत पळणारा शेवटच्या वळणावर चार तासांच्या बाहेर सापडतो. लॅप किमीच्या पाटीवर हाताने मारायचा. आणि रीगल स्वतः कोर्स मोजणाऱ्यांतले. त्यांच्या सूत्रात घड्याळातलं अंतर घालू नका.

सावकाश
बरं, लॅपचं घेतो. बाकीचं नाही.

गुडघा_नं_२
सूत्रावरून आठवलं. पळपुटा, ३:५४ येणार होतं, मग फुल किती आलं? ते सोयीस्कर राहिलं वाटतं लिहायचं.

पळपुटा
४:०९.

पस्तिसाव्याला दोन्ही पोटऱ्यांत गोळे. पण त्याचा हाफशी संबंध नाही. हाफ आणि टेपर (फुलआधी पळणं कमी करायचे आठवडे) यांच्यामध्ये कामाच्या गडबडीत २८च्या पुढचा एकच लाँग रन जमला.

गुडघा_नं_२
एकच. बरं, हाफच्या रविवारी वेळापत्रकात काय होतं?

पळपुटा
...३०.

गुडघा_नं_२
मी काही बोललो नाही.

दमछाक
सूत्र त्या अंतराची तयारी झालेल्या माणसासाठी असतं. आठवड्याला चाळीस किमी पळून हाफवरून फुल काढलं की पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतातच. याला दोघंही जिंकलात म्हणायचं की दोघंही हरलात?

पळपुटा
ठीक आहे, महाराज, तुमचा एक मुद्दा धरला: तो ३० बुडायला नको होता. पण पिन, जेल आणि पहिल्या पाच किमीचा माज, हे घराभोवतीच्या चकरांत कळत नाही, हे तुम्ही धरा. यंदा हाफ सहा आठवडे आधी आहे. पळणार.

गुडघा_नं_२
सहा असेल तर पळा, माझी ना नाही. तीन असतं तर फिजिओचा नंबर आत्ताच दिला असता. फक्त त्याच्या पुढच्या एका रविवारी ३२ पूर्ण करा आणि इथे येऊन लिहा.

सावकाश
३२ घड्याळाचे की सायकलचे?