मदत हवी आहे : चियांग माईत ई-बाईकने दोई सुतेप, बाबांना जमेल का?

नमस्कार मंडळी. डिसेंबरात बाबांना (वय ६४) घेऊन थायलंडला चियांग माईला जातोय. तिथे गाईडसोबत अर्ध्या दिवसाची ई-बाईक सहल असते, म्हणजे मोटर लावलेली पायडलची सायकल. दोई सुतेपच्या डोंगरावरचं सोनेरी चेदीचं (म्हणजे स्तूपाचं) बौद्ध देऊळ आणि वाटेत मोंथाथान धबधबा. शहर साधारण ३०० मीटरवर, देऊळ हजाराच्या वर. म्हणजे आपल्या सिंहगडासारखाच घाट.

चढाची काळजी नाही, मोटर ढकलेल. देवळाच्या ३०६ पायऱ्यांनाही पर्याय आहे, वर न्यायला लिफ्टगाडी असते. धास्ती आहे ती उताराची! बाबांनी जन्मभर सायकल चालवली, पण सपाटीवर. उतार लागला की अजूनही ब्रेकआधी डावी चप्पल रस्त्याला घासतात. टाच झिजलेली असते बिचारीची.

कुणी केलीय का ही सहल? उतरताना हात भरून येतात का? बाबांना वरून गाडीने परत आणायची सोय गाईड करतात का? पाऊस ऑक्टोबरात संपतो, तर डिसेंबरात धबधब्याला पाणी असतं की नुसते खडक? आणि देवळात गुडघे झाकावे लागतात, तर सायकलच्या हाफ पँटवर तुम्ही काय घातलंत?