अनुभव धागा: स्पर्धा परीक्षा सोडलीत, मग कामाला कसे लागलात?

पेठेतली पाहुणी (धागाकर्ती)

मावसभाऊ पुण्यातून गाशा गुंडाळून घरी आलाय. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीही लागली. पण काम होत नाही म्हणतो. "ताई, कोटेशन करायला बसलो की डोकं म्हणतं, आपण इथे तात्पुरते आहोत." हे वाक्य मी स्वतः इतके दिवस घोकलंय की त्याला काही बोलताच येईना. म्हणून हा धागा.

सल्ले नकोत. 'जे होतं ते चांगल्यासाठीच' छापाचे तर मुळीच नकोत. परीक्षेचं प्रकरण मागे पडल्यावर (किंवा न पडताच) तुमचं रोजचं काम मार्गी कसं लागलं, नेमकं काय बदललं, ते लिहा. लहानसहान गोष्टीही चालतील.

सुरुवात मी करते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणं, अभ्यासिकेत पंख्याखालच्या जागेसाठी पहाटे जाणं, हे सगळं झालं. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत पोचले, पुढे गाडी गेली नाही. आता आरोग्य विम्याचे दावे तपासते. नवी होते तेव्हा प्रत्येक फाइल पेपर दोनच्या अभ्यासक्रमासारखी वाचायची. आधी पॉलिसीची सगळी कलमं, मग डिस्चार्ज समरी, मग परत कलमं, बाजूला वहीत टिपणं, हायलायटरसकट. शेजारी बसणाऱ्या मुलाने तोवर तीन-चार दावे हातावेगळे केलेले असायचे.

मे २०२४ मध्ये विमा नियामकाचं परिपत्रक आलं. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि रुग्णाला घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत. आमच्या स्क्रीनवर उलटं घड्याळच लागलं. बाकीचे वैतागले, माझं मात्र त्याने भलं केलं. फाइल उघडली की आता आधी तीन गोष्टी बघते. पॉलिसी चालू आहे का, या आजाराचा प्रतीक्षा कालावधी संपलाय का, खोलीभाड्याची मर्यादा किती. बऱ्याच फायली इथेच सुटतात. सावकाश वाचायचं ते उरलेल्यांचं. अभ्यासात आपण सगळं वाचायचो, कारण काय विचारतील ते ठाऊक नसायचं. इथे प्रश्न पहिल्याच पानावर लिहिलेला असतो, हे मला कळायला वेळ लागला.

काळी माती

राम राम. मी परभणीकडचा. ११ मार्च २०२१ ला नवी पेठेत रस्त्यावर बसलेल्या पोरांत मी पण होतो. १४ तारखेची राज्यसेवेची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढं ढकलली होती, करोनाचं कारण देऊन. गावाकडून निघालेली पोरं एसटीतच होती तवा. मग २१ ला झाली परीक्षा. यादीत आपलं नाव नव्हतं. त्यानंतर अजून बसलो, आन एक दिवस बाप म्हणला, आता बास.

सध्या तालुक्याला ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सातबारा, आन भरतीचे फॉर्म. लोक म्हणतेत, बघ अनुभव कामाला आला. आला की. फोटो किती केबीचा, सही काळ्या शाईची, नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपती, पोरानं इचारायच्या आत मी सांगतो.

पण घोळ वेगळाच होता. भरतीची जाहिरात उघडली की मी वाचतच बसायचो. पदं किती, आपल्या प्रवर्गाला किती, वय बसतंय का. खुल्याला ३८, मागासवर्गाला ४३. म्हणजे वय तर बसतंच! गिऱ्हाईक काउंटरला ताटकळलेलं, आन मी मनात टाइमटेबल लावतोय. शेवटी बायकोनं वाटणी केली. भरतीचे फॉर्म ती भरती, बाकी सगळं मी. ती कधी कुठल्या परीक्षेला बसली नाही, तिला जाहिरात म्हणजे निस्ता कागद. एका फॉर्मला मला जितका वेळ लागायचा तितक्यात ती दोन सारते. खरिपाच्या विम्याची ३१ जुलै जवळ आली की साइट दिवसभर गोल गोल फिरती. तवा मी रात्री जेवून परत शटर वर करतो, अपलोड पटापट होतात. त्या गर्दीत आयोग-बियोग काही आठवत नाही.

शांतीपाठ

टेलिग्रामवरचे सगळे ग्रुप सोडले. चालू घडामोडी, उत्तरतालिका, हरकती, 'कट-ऑफ किती लागेल' सगळे. दुसरं काहीही केलं नाही. पुरेसं होतं.

मंडळ क्रमांक ३

माझं उलटं. माझी पोस्ट निघाली आणि तरी मी या धाग्यात बसतो. तलाठी आहे. २०२४ मध्ये पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, गावासाठी मी भाऊसाहेबच.

ध्येय उपजिल्हाधिकारी होतं. खोलीतला मित्र झाला, आणि बदली होऊन आमच्याच उपविभागात प्रांत म्हणून आला. एका स्टोव्हवर पोहे केलेल्या माणसाला भर बैठकीत 'साहेब' म्हणायचं. त्याने कधी तोरा दाखवला नाही, तो भला माणूस आहे, त्यामुळे रागवायचीही सोय नाही. बैठकीचा दिवस आला की माझ्या पोटात गोळा. आदल्या दिवशी काम सुचायचं नाही, नंतरच्या दिवशीही नाही. आठवड्याचा निम्मा भाग त्यातच जायचा.

यातून बाहेर काढलं ते एका कंटाळवाण्या वहीने. फेरफाराची नोंद धरली की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे सगळं संगणकावर दिसतं. तरीही मी साधी शाळेची वही केली. डाव्या पानावर आज नोटीस बजावलेल्या नोंदी, उजव्या पानावर आज ज्यांचे १५ दिवस भरले त्या. सकाळी चावडीत आलो की फक्त उजवं पान बघायचं. वारसनोंदी आधी, कारण त्याशिवाय पीककर्जाचं अडतं. मग खरेदीखतं, मग बोजा कमी करणं. पान रिकामं झाल्याशिवाय मोबाइल नाही.

पुढे एका बैठकीत प्रलंबित नोंदींचा आढावा निघाला. माझ्या सज्जाच्या, म्हणजे माझ्याकडच्या गावांच्या, रकान्यात शून्य. साहेब "छान" म्हणाले आणि पुढच्या सज्जाकडे वळले. खरं सांगू, मला वाटलं होतं बरं वाटेल. विशेष काही वाटलं नाही. पण पोटातला गोळाही नव्हता.

पेठेतली पाहुणी

@मंडळ क्रमांक ३, उजव्या पानाची कल्पना मावसभावाला आजच सांगते. शोरूममध्येही 'आज ज्यांना फोन करायचाय' असं पान निघेलच.

मणी १७ मिमी

तासगावकडची. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये नोंदींचं काम बघते. ज्यांना वाटतं की आधी मन सावरलं पाहिजे आणि मग काम, त्यांना सांगते, आमच्याकडे उलट्या क्रमाने होतं. जानेवारी ते मार्च माणसाला मन असतं हेच कुणाला माहीत नसतं.

निर्यातीचा माल सकाळच्या गारव्यात उतरतो. प्रत्येक क्रेटवर प्लॉटचा नोंदणी क्रमांक हवा. तो ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदणीत, जुळला पाहिजे, त्या प्लॉटचा कीडनाशक अंशाचा अहवाल पास असला पाहिजे, नाहीतर युरोपच्या कंटेनरला हात लावायचा नाही. मग मण्यांची फुगवण, गोडी, देठ हिरवा आहे की नाही, पनेट (द्राक्षांचे छोटे प्लास्टिकचे डबे) भरणं, वजन, प्रीकूलिंग. एक आकडा चुकला तर अख्खी पॅलेट खाली उतरते, आणि उन्हात उभा असलेला बागायतदार तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर कुठल्याच मुलाखत मंडळाकडे नसेल.

पॅकिंगच्या बायकांना कुठून तरी कळलं की मी 'कलेक्टरचा अभ्यास' करत होते. झालं. "ओ कलेक्टर, पनेट संपले!" "कलेक्टर, चहा कधी?" पहिले काही दिवस मी गोदामात जाऊन डोळे पुसून यायची. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, नव्या बाईला काहीतरी नाव हवंच. एकदा कंटेनर सुटायच्या वेळी शिक्क्याचा नंबर कुणी टिपला नव्हता आणि सगळे एकमेकांकडे बघत होते. मीच ओरडले, "कलेक्टरांनी टिपलाय, गाडी जाऊ द्या!" हशा पिकला. आता बागायतदारही फोनवर विचारतात, कलेक्टर मॅडम आहेत का.

हंगाम संपला की मात्र त्रास होतो. एप्रिलमध्ये बागांची खरड छाटणी सुरू होते, पॅकहाऊस मोकळं, हाताला काम नाही. जुने कढ येतात ते तेव्हाच. म्हणून या उन्हाळ्यात बेदाणा शेडवर नोंदी ठेवायचं काम धरलंय. पगार कमी आहे. चालेल.

वजा एक तृतीयांश

मी यूपीएससीवाला. दिल्लीत राजेंद्र नगरला होतो, सध्या बेंगळुरूत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. नाव यासाठी घेतलंय की पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण जातात. त्यामुळे वर्षानुवर्षं एकच वळण पडलं. खात्री नसेल तर गोळा रंगवायचा नाही, प्रश्न सोडून पुढे जायचं. निदान माझी नीती तीच होती, धाडसी लोक अंदाजाने रंगवायचे.

नोकरीत हे वळण महागात पडतं. रोज सकाळी टीमची पंधरा मिनिटांची बैठक असते. मला एखादी गडबड दिसलेली असायची, पण कारण पक्कं ठाऊक नसायचं, म्हणून मी गप्प. संध्याकाळपर्यंत खोदून, पुरावे जमवून बोलायचो, तोवर दुसऱ्या कुणी तीच गोष्ट सकाळी अर्धवट सांगून सोडवूनही घेतलेली असायची. आमची लीड तमिळ आहे, वयाने माझ्याहून लहान. ती म्हणाली, "इथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, उशिराच्या उत्तराला कापतात." तिला यूपीएससीचं काही माहीत नव्हतं, सहज बोलून गेली. तेव्हापासून मी 'संशय आहे, खात्री नाही' असा एक शिक्काच तयार ठेवलाय. बग दिसला की तो लावून सकाळीच टाकून देतो. निम्मे संशय फोल निघतात. कुणाला काही फरक पडत नाही.

एसटीचा पास

मी परीक्षार्थी नव्हे, बाप आहे. एसटीतून निवृत्त, वाहक होतो. मुलगा पुण्याला होता, आता घरी राहून एका दूध संस्थेत हिशेब बघतो. मला एवढंच लिहायचं आहे की आम्ही घरच्यांनी विचारायचं बंद केलं. कुणी पाहुणा आला आणि "काय रे, फॉर्म भरला का यंदा?" म्हणाला की मी मध्येच पावसाचा विषय काढतो. पाऊस कायम कामाला येतो. मुलगा आता रात्री जेवताना दुधाच्या फॅटबद्दल आपण होऊन बोलतो, मला त्यातलं फारसं कळत नाही. त्याची पुस्तकं मात्र दोन पोती भरून माळ्यावर आहेत. रद्दीवाल्याला द्यायची म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो, आणि माळ्यावर आता उंदीर झालेत. काय करावं?

अजून बसतेय

माफ करा, पण या धाग्यात सगळ्यांनी गृहीत धरलंय की सोडलं म्हणजेच माणूस पुढे गेला. मी चौतीस वर्षांची आहे, पतसंस्थेत कारकून आहे आणि अजून राज्यसेवा देते. लपवत नाही.

नोकरी नव्हती तेव्हा माझा अभ्यास होत नव्हता, हे कुणी लिहीत नाही. दिवसभर अभ्यासिकेत बसून निम्मा वेळ चहाच्या टपरीवर जायचा, 'सर काय म्हणाले' आणि 'आयोग काय करणार' यात. आता पहाटे दोन तास मिळतात, तेवढेच. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, लेखी १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ ची. २०२३ मध्ये पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली म्हणून ती २०२५ वर गेली, हे बहुतेकांना आठवत असेल. माझ्या पथ्यावरच पडलं. पतसंस्थेत रोज कर्जप्रकरणांच्या टिप्पण्या लिहिते. अर्ध्या पानात अर्जदाराची परतफेडीची ऐपत, तारण, जामीनदार आणि आपली शिफारस. उत्तरं लिहायला बसले की तोच हात चालतो. आणि कामाच्या बाजूने सांगायचं तर, दिवसाचा अभ्यास सकाळीच संपलेला असल्याने काउंटरवर मन पुस्तकात अडकत नाही. आमचे व्यवस्थापक म्हणतात थकीत वसुलीचे फोन मी सगळ्यात शांतपणे करते.

तेव्हा @पेठेतली पाहुणी, मावसभावाने सोडलंच पाहिजे असं नाही. त्याला सोडायचंय का, हे कुणी त्याला विचारलंय का?

पेठेतली पाहुणी

विचारलं, तुमचं वाचून कालच. "माहीत नाही" म्हणाला. आतापर्यंत "सोडलं" म्हणायचा. हे पुढे सरकणं की मागे, मला ठरवता येत नाहीये. तूर्तास त्याने पगारातून नवी खुर्ची घेतली, शोरूममध्ये स्वतःसाठी. जुनीवर पाठ दुखते म्हणे.

वजा एक तृतीयांश

खुर्ची घेतली म्हणजे 'तात्पुरतं' जरा सैल झालं असावं. @अजून बसतेय, मान्य. मी सोडलं कारण माझे अटेम्प्ट संपले, शहाणपण वगैरे नव्हतं त्यात. शिल्लक असते तर बसलोच असतो, आणि टेस्टिंगही असंच अर्धवट केलं असतं. तुमच्यासारखी दोन तासांची भिंत घालणं मला जमलं नसतं.

मणी १७ मिमी

पतसंस्थावाल्या ताई, पहाटे उठायचं ठीक आहे, पण मार्चअखेरला काय करता? वसुली, ऑडिट, सगळं एकदमच येत असेल.

अजून बसतेय

मार्चमध्ये पुस्तक मिटवते. साफ बंद. १ एप्रिलला सुट्टी टाकते, पोटभर झोपते आणि २ तारखेच्या पहाटे परत उघडते. अर्धा अर्धा अभ्यास करून बघितला होता, ना वसुली नीट झाली ना इतिहास.

काळी माती

@एसटीचा पास, काका, पोत्यांचं मी सांगतो. आधी पोराला इचारा, त्याच्या माघारी हात लावू नका. त्याच्या हातच्या नोट्स आन त्यानं रेघोट्या मारलेली पुस्तकं त्यालाच वेगळी काढू द्या, ती राहू द्या घरात, एक ट्रंक लागंल. बाकी राज्यसेवा मुख्यची जुनी वस्तुनिष्ठ प्रश्नसंच-बिंच आता कुणी घेणार नाही, ती खुशाल रद्दीत. पण शालेय पुस्तकं, गणित-बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, ही संयुक्त गट ब आन गट कच्या पोरांना अजून चालतेत. तुमच्या तालुक्याला अभ्यासिका असंल तर तिथं टाका, नसंल तर एसटीच्या पार्सलनं माझ्याकडं लावून द्या. दुकानात फॉर्म भरायला येणाऱ्या पोरांना फुकट देतो. पार्सलचं भाडं माझ्याकडं. उन्हाळ्यातच करा, पावसात माळा गळाला तर पोतं उचलायच्या लायकीचं राहत नाही.